हौशी रंगकामासाठी एअरब्रश व कॉम्प्रेसरची निवड : गोसीखुर्द परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

एअरब्रश हे साधन एके काळी व्यावसायिक चित्रकार आणि छायाचित्र सुधारणाऱ्या कारागिरांपुरते मर्यादित होते. आज ते हौशी रंगकाम करणाऱ्यांच्या आवाक्यात आले आहे. लाकडी नंदी, मातीच्या गणेशमूर्ती, प्रतिकृती व नाट्यसाहित्य रंगविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मात्र पहिली खरेदी करताना नवशिक्याचे सारे लक्ष हातात धरावयाच्या उपकरणाकडे असते आणि हवा पुरविणारे यंत्र दुय्यम मानले जाते. प्रस्तुत लेखात एअरब्रश व कॉम्प्रेसर यांचे कार्यतत्त्व, प्रकार व निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यातील दमट पावसाळा, तीव्र उन्हाळा आणि ग्रामीण वीजपुरवठा या तीन बाबी विचारात घेतल्यास निवडीचा क्रम उलटा करणे, म्हणजे आधी हवेचा आणि नंतर ब्रशचा विचार करणे, कसे श्रेयस्कर ठरते हे येथे मांडले आहे.

बीजशब्द : एअरब्रश, कॉम्प्रेसर, नोझल, आर्द्रता, तान्हा पोळा, हौशी रंगकाम.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे गाव वैनगंगा नदीवरील इंदिरा सागर धरणामुळे सर्वपरिचित आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धानाची शेती, विस्तीर्ण जलाशय आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओलसर राहणारी हवा ही या परिसराची ओळख होय. अशा ठिकाणी एअरब्रशसारख्या विषयाची चर्चा कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु रंगकामाची हौस आणि निमित्त या दोहोंची येथे वाण नाही.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, तान्हा पोळा साजरा होतो. मुले लाकडी नंदी सजवून मिरवितात. या प्रथेचा उगम परंपरेने नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी जोडला जातो. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत गणेशोत्सव येतो. नागपूरच्या महाल भागातील चितार ओळ ही मूर्तिकार व चित्रकार घराण्यांची वस्ती याच हंगामात गजबजते. कोकणात पेण व हमरापूर येथील कारखान्यांत मूर्तीचा मूळ रंग फवाऱ्याने देणे, त्यावर फवाऱ्यानेच छटा चढविणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी हाताने करणे, अशी श्रमविभागणी रूढ झाली आहे. झाडीपट्टी रंगभूमीचे पडदे व नाट्यसाहित्य हेही रंगकामाचे एक मोठे क्षेत्र पूर्व विदर्भात आहे. या सर्वांतून स्फूर्ती घेऊन घरी किंवा महाविद्यालयाच्या छंदवर्गात रंगकाम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास एअरब्रशचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यानंतर पदवी अभ्यासक्रमात कौशल्याधिष्ठित विषयांना श्रेयांक मिळू लागले. त्यामुळे अशी साधने खरेदी करण्याचा प्रश्न प्राध्यापकांपुढेही येऊ लागला आहे. तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराचा संच घ्यावयाचा ही आपली नित्याची पद्धत होय. तथापि दरपत्रकात ‘एअरब्रश संच, कॉम्प्रेसरसह’ एवढीच नोंद असेल, तर तुलना किमतीची होते, साधनाची होत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत तर प्रश्न अधिक नाजूक आहे. धानावर चालणाऱ्या घरातील मुलाने हौसेसाठी साठविलेला पैसा एकदाच खर्च होतो. पहिला संच निरुपयोगी ठरला तर दुसरा घेतला जात नाही. आणि दोष साधनाचा असताना ‘आपल्याला हे जमत नाही’ असा समज मात्र कायमचा राहतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) एअरब्रशचे कार्यतत्त्व व प्रकार समजावून देणे.
(२) नवशिक्यास योग्य एअरब्रशचे निकष सांगणे.
(३) स्थानिक हवामान व वीजपुरवठा लक्षात घेऊन कॉम्प्रेसरच्या निवडीचे विवेचन करणे.
(४) आरोग्यविषयक दक्षता व खरेदीपूर्व तपासणी यांची माहिती देणे.

२. पूर्वपीठिका व कार्यतत्त्व

हवेच्या झोताने रंग उडविण्याचे हाती उपकरण १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आयोवा राज्यात राहणाऱ्या अ‍ॅब्नर पीलर यांनी तयार केले. लिबर्टी वॉकअप यांनी त्यात सुधारणा करून त्याचा प्रसार केला. पुढे चार्ल्स बर्डिक यांनी, रंग व हवा उपकरणाच्या आतच एकत्र येतील अशी रचना विकसित केली आणि १८९३ च्या सुमारास ती लोकांपुढे आणली. आज बाजारात मिळणारे बहुतेक एअरब्रश याच आंतरमिश्रण पद्धतीचे आहेत.

त्यामागील भौतिक तत्त्व विज्ञानाच्या प्राध्यापकांस नवे नाही. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात प्रवाहाची गती आणि दाब यांचा संबंध मांडला. एअरब्रशच्या टोकाशी दाबाखालील हवा नोझलभोवतीच्या अरुंद वर्तुळाकार फटीतून वेगाने बाहेर पडते. तेथे दाब कमी होऊन नोझलमधील रंग बाहेर ओढला जातो आणि वेगवान हवा त्याचे सूक्ष्म तुषारांत विभाजन करते. नोझलच्या मध्यभागी एक निमुळती सुई असते. ती मागे सरकली की छिद्र उघडते व रंग वाढतो. पुढे सरकली की छिद्र बंद होते.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानात येते. सुई व नोझल ही केवळ रंगाची तोटी आहे. रंगाचे तुषारांत रूपांतर करणारी शक्ती हवेची आहे. हवा एकसारख्या दाबाची व कोरडी नसेल, तर उत्तम एअरब्रशही डाग व ठिपके टाकतो. याउलट हवा चांगली असेल, तर मध्यम दर्जाच्या एअरब्रशनेही समाधानकारक काम होते.

३. एअरब्रशची निवड

३.१ एकक्रिया व द्विक्रिया : एकक्रिया प्रकारात ट्रिगर दाबला की हवा व रंग एकदमच सुटतात; रंगाचे प्रमाण आधी स्क्रू फिरवून ठरवावे लागते. द्विक्रिया प्रकारात ट्रिगर खाली दाबल्यावर हवा सुटते आणि तोच मागे ओढल्यावर रंग येतो. म्हणजे एकाच बोटाने दोन्ही प्रमाणांवर ताबा राहतो. एकक्रिया उपकरण शिकण्यास सोपे असल्याने नवशिक्याने तेच घ्यावे असा सल्ला अनेकदा दिला जातो. सपाट रंग देण्यापुरता तो योग्यही आहे. परंतु नंदीच्या पाठीवरून पोटाकडे रंग फिकट करीत नेणे किंवा मूर्तीच्या गालावर छटा चढविणे, ज्यासाठी एअरब्रश घ्यावयाचा ते काम, हात चालता असताना रंगाचे प्रमाण बदलल्यावाचून होत नाही. यास्तव थोडा अधिक सराव पत्करून आरंभापासूनच द्विक्रिया एअरब्रश घेणे हिताचे ठरते. त्याचा मूलमंत्र एकच : सुरुवातीला आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा बंद.

३.२ रंगपुरवठ्याची पद्धत : रंगाचा पेला वरच्या बाजूस असल्यास रंग गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. पेला किंवा बाटली खाली असल्यास रंग हवेच्या ओढीने वर चढवावा लागतो व त्यासाठी अधिक दाब लागतो. मोठ्या पृष्ठभागावर एकच रंग देताना खालच्या बाटलीची सोय होते, कारण पुन्हा पुन्हा रंग भरावा लागत नाही. वीतभर उंचीच्या नंदीसाठी किंवा लहान मूर्तीसाठी मात्र वरचा पेला उत्तम. थोडा रंग पुरतो, कमी दाबावर काम होते आणि धुणे सोपे जाते.

३.३ नोझलचा व्यास : नवशिक्याचा सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्याबाबत आढळतो. बारीक नोझल म्हणजे बारीक काम, म्हणून ०.२ मिलिमीटरचे नोझल घ्यावे, असे त्यास वाटते. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे ०.२ च्या तुलनेत ०.३ मिलिमीटरच्या छिद्राचे क्षेत्रफळ सव्वादोन पट, तर ०.५ मिलिमीटरच्या छिद्राचे सव्वासहा पट असते. ०.२ च्या नोझलमध्ये किंचित दाट रंग किंवा एखादा कणही अडकतो. ०.३ ते ०.३५ मिलिमीटरचे नोझल हा आरंभासाठी सुवर्णमध्य होय. अस्तराचा हात देण्यासाठी ०.५ मिलिमीटरचा जोड त्याच एअरब्रशला बसत असेल, तर अधिक चांगले.

भिंतीच्या इमल्शन रंगाबाबत येथे सावधगिरी आवश्यक आहे. त्यात खडू व मातीसारखी भरणद्रव्ये असतात. तो पातळ करून नायलॉनच्या मोज्यातून गाळला तरी बारीक नोझलमध्ये त्रास देतो. एअरब्रशसाठी तयार केलेले किंवा चित्रकामाचे अ‍ॅक्रिलिक रंग दुधाइतके पातळ करून व गाळून वापरणे इष्ट.

३.४ सुटे भाग : सुई वाकणे आणि नोझलला तडा जाणे हे अपघात शिकाऊ हाताकडून होणारच. जपानमधील इवाटा, जर्मनीतील हार्डर अँड स्टीनबेक, अमेरिकेतील बॅजर व पाशे हे या क्षेत्रातील परिचित उत्पादक होत. याखेरीज बाजारात नाममुद्रा नसलेले स्वस्त एअरब्रशही भरपूर आहेत व सरावासाठी त्यांतील काही चालण्याजोगे असतात. नाव कोणतेही असो, त्याच मापाची सुई व नोझल स्वतंत्रपणे विकत मिळते का, हा प्रश्न दुकानदारास प्रथम विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर तो एअरब्रश पहिल्या वाकलेल्या सुईपुरताच आपला आहे असे समजावे. आतील वायसर साध्या रबराचे असल्यास थिनरने फुगतात. टेफ्लॉनचे असल्यास टिकतात. एअरब्रशचे आटे व नळीचे आटे जुळतात का, हेही जोडून पाहावे.

४. कॉम्प्रेसरची निवड

४.१ हवेची गरज : हवेचा दाब कुठे ‘पीएसआय’मध्ये, म्हणजे प्रति चौरस इंच पौंडात, तर कुठे ‘बार’मध्ये दिलेला असतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. ०.३ मिलिमीटरच्या एअरब्रशने पातळ रंग उडविताना साधारण १५ ते २५ पीएसआय दाब पुरेसा होतो. जाहिरातीतील मोठ्या दाबाच्या आकड्यास म्हणूनच फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते त्या दाबावर दर मिनिटास किती लिटर हवा सतत मिळते यास. असा एअरब्रश मिनिटास सुमारे १० ते १५ लिटर हवा घेतो. लहान पिस्टन कॉम्प्रेसरवर २० ते २५ लिटर अशी क्षमता लिहिलेली असते. परंतु ती मोकळ्या हवेतील असते आणि दाब वाढताच घटते. म्हणून गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता असलेले यंत्र घ्यावे. तसे केल्यास यंत्रास मधूनमधून विश्रांतीही मिळते.

मोटारीच्या चाकात हवा भरणारे लहान पंप या कामासाठी सुचविले जातात. ते थोडा वेळ चालण्यासाठी बनविलेले असून लवकर तापतात, आणि पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर हवेचा धक्का देतात. तो धक्का रंगाच्या रेषेत स्पष्ट उमटतो.

४.२ टाकीचे प्रयोजन : हौशी वापराच्या कॉम्प्रेसरला अनेकदा ३ लिटरची टाकी असते. यंत्र ३ बार दाबावर सुरू होते व ४ बारवर थांबते असे धरले, तर या एका बारच्या फरकात टाकीतून केवळ ३ लिटर मोकळी हवा मिळते. मिनिटास १२ लिटर वापर असल्यास ती १५ सेकंदांत संपते. म्हणजे लहान टाकी हा हवेचा साठा नव्हे. तिचे खरे काम पिस्टनचे धक्के शोषून घेणे, मोटारीस सतत चालण्यापासून वाचविणे आणि हवा निवण्यास अवसर देणे हे आहे. यांपैकी तिसरे काम सर्वांत दुर्लक्षित असून आपल्या परिसरात तेच सर्वाधिक मोलाचे आहे.

४.३ आर्द्रतेचा प्रश्न : ऐन पावसाळ्यात तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असल्याचे मानू. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २६ ग्रॅम बाष्प असते. या तापमानास एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. टाकीतील दाबमापक ४ बार दाखवितो तेव्हा वातावरणाचा दाब धरून एकूण दाब ५ बार असतो, म्हणजे पाच घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबलेली असते. तिच्यातील बाष्प सुमारे १३० ग्रॅम, आणि हवा पुन्हा ३० अंशांपर्यंत निवल्यावर सामावू शकणारे ३० ग्रॅम. उरलेले १०० ग्रॅम पाण्याच्या रूपात बाहेर पडते. दुसऱ्या शब्दांत, हवेतील तीन चतुर्थांशाहून अधिक बाष्पाचे पाणी होते. तासभर अखंड फवारणी केल्यास सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक मोठा चमचाभर पाणी साचते. त्यातील एक थेंब जरी नोझलमधून उडाला, तरी ओल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर पांढरट खळगा पडतो.

आता मे महिन्याची दुपार घेऊ. तापमान ४२ अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. या हवेत घनमीटरला सुमारे ११ ग्रॅम बाष्प असते व संपृक्त मर्यादा सुमारे ५६ ग्रॅम असते. पाचपट दाबल्यावर बाष्प त्या मर्यादेच्या काठाशी येते. त्यामुळे पाणी जवळजवळ पडत नाही. या गणिताचा व्यावहारिक अर्थ असा की, उन्हाळ्याच्या सुट्टीत खरेदी करून तपासलेला संच निर्दोष वाटतो आणि तोच संच तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात पाणी थुंकू लागतो. यंत्र बिघडलेले नसते. ऋतू बदललेला असतो.

उपायही याच गणितातून निघतो. टाकीत ५ बार एकूण दाबावर पाणी वेगळे झाल्यानंतर तीच हवा रेग्युलेटरमधून सुमारे २.४ बार एकूण दाबावर, म्हणजे मापकावरील २० पीएसआयवर, आणली की तिचे प्रसरण होते आणि तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याच्या आसपास उतरते. ती कोरडी हवा नळीत पुन्हा पाणी सोडत नाही. बिनटाकीचा कॉम्प्रेसर मात्र हवा थेट कामाच्या दाबापर्यंतच दाबतो. ८५ टक्के आर्द्रतेची हवा २.४ पट दाबली की निवताना तिने संपृक्ततेची मर्यादा ओलांडलेली असते आणि हे निवणे नेमके नळीत, एअरब्रशच्या अलीकडे घडते. म्हणून वैनगंगेच्या काठी बिनटाकीचे यंत्र घेणे ही काटकसर ठरत नाही.

यावरून पुढील नियम सांगता येतात. टाकी, पाण्याचा सापळा आणि दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर या तिन्ही गोष्टी असाव्यात. बाजारात ‘मॉइश्चर ट्रॅप’ म्हणून मिळणारा सापळा नेहमी उभा बसवावा व त्यातील पाणी दिसताच काढावे. नळी किमान दोन-तीन मीटर लांब असावी. टाकीच्या तळाचा निचरा-झडप प्रत्येक वापरानंतर उघडावा. अन्यथा टाकी आतून गंजते. अतिदमट दिवशी एअरब्रशच्या मुठीजवळ दुसरा छोटा सापळा जोडावा. उन्हाळ्यात अडचण उलट असते : रंग सुईच्या टोकावरच वाळतो. तेव्हा रंगात वाळण्याचा वेग कमी करणारे द्रव्य घालावे आणि सकाळच्या वेळी काम करावे.

४.४ वीजपुरवठा : लहान कॉम्प्रेसरची मोटर १/६ ते १/५ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १२५ ते १५० वॉटची असते. चालू असताना तिचा भार एखाद-दोन पंख्यांएवढाच असला, तरी सुरू होतानाचा प्रवाह त्याच्या कित्येक पट असतो. व्होल्टेज उतरलेले असताना टाकीतील दाबाविरुद्ध मोटर सुरू होऊ शकत नाही. ती केवळ गुणगुणते व तापते. असा आवाज येताच बटण बंद करावे, टाकीतील दाब सोडावा आणि व्होल्टेज सुधारल्यावरच पुन्हा सुरू करावे. अतितापल्यास आपोआप बंद होणारी मोटर असल्याची खात्री खरेदीच्या वेळीच करावी. तीन पिनांची, अर्थिंग असलेली जोडणी अनिवार्य होय, कारण येथे वीज व पाणी एकाच यंत्रात नांदतात.

वीज वारंवार खंडित होत असल्यास मोठ्या टाकीचा पर्याय विचारात घ्यावा. सुतारकामासाठी मिळणाऱ्या २४ लिटर टाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये ८ बारपर्यंत हवा भरल्यास, कामाच्या दाबापर्यंत उतरताना सुमारे १६० लिटर मोकळी हवा मिळते, म्हणजे सुमारे १३ मिनिटे काम चालते. तुलनेने ३ लिटरची भरलेली टाकी पाऊण मिनिटाच्या आत रिती होते. मोठ्या यंत्राचा आवाज अधिक असतो व त्यास बारीक नियंत्रणाचा वेगळा रेग्युलेटर जोडावा लागतो. परंतु महाविद्यालयाच्या कार्यशाळेत असे यंत्र आधीच असेल, तर नवे घेण्याऐवजी रेग्युलेटर व सापळा एवढाच खर्च पुरेसा ठरतो.

४.५ घरगुती जुगाड : जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून वापरण्याची पद्धत ग्रामीण भागात प्रचलित आहे. तो आवाज करीत नाही आणि भंगारात स्वस्त मिळतो, हे खरे. परंतु तो हवेबरोबर तेलाचे तुषार फेकतो व तेल लागलेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे अशा जोडणीत ठरावीक दाबास यंत्र बंद करणारा स्विच आणि सुरक्षा-झडप बहुधा नसते. गॅसचे जुने सिलिंडर किंवा अग्निशामक नळकांडे टाकी म्हणून जोडणे हा तर प्राणाशी खेळ होय. विद्यार्थ्यांच्या वापरासाठी अशी कोणतीही रचना कदापि स्वीकारू नये.

५. रंग व आरोग्यविषयक दक्षता

कुंचल्याने लावलेला रंग पृष्ठभागावर राहतो. एअरब्रशचा रंग काही अंशी श्वासात जातो. पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग ‘निर्धोक’ म्हणून विकला जात असला, तरी त्याचे तुषार फुप्फुसांसाठी निर्धोक नसतात. एन-९५ दर्जाचा मुखपट्टा कणांना अडवितो, परंतु थिनरच्या वाफेस अडवीत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे गाळणे असलेला मुखवटा लागतो. नवशिक्याने थिनरमिश्रित रंग टाळणे हेच शहाणपणाचे. ते ज्वालाग्राही असून कॉम्प्रेसरच्या स्विचमधील ठिणगी जवळच असते. खिडकीत बाहेरच्या दिशेने हवा फेकणारा पंखा बसवून त्यासमोर काम करावे. शिसे, कॅडमियम किंवा क्रोमेट असलेली रंगद्रव्ये कधीही फवारू नयेत.

लाकडी नंदी मुलांच्या हातात व पर्यायाने तोंडात जातो. भारतात घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. डब्यावरील तशी नोंद पाहूनच रंग घ्यावा. जुना, नोंद नसलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. गणेशमूर्तींबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत विषारी रासायनिक रंग टाळण्यावर भर आहे. ज्या परिसरातील विसर्जन अखेर वैनगंगेच्या पाण्याशी निगडित आहे, तेथे हा मुद्दा केवळ नियमपालनाचा उरत नाही.

६. खरेदीच्या वेळी करावयाची तपासणी

दुकानात पुढील चाचण्या दहा-पंधरा मिनिटांत होतात व दुकानदारास त्यात हरकत घेण्यासारखे काही नाही.

(१) सुई बाहेर काढून काचेवर घरंगळत न्यावी. टोक एकसारखे फिरले तर ती सरळ. थरथरले तर वाकलेली.
(२) पेल्यात स्वच्छ पाणी घालून फवारावे. पेल्यात बुडबुडे उठल्यास नोझल नीट बसलेले नाही किंवा त्यास तडा आहे.
(३) कागदावर पातळ शाईने टिंब ते रुंद पट्टा असा क्रम काढून पाहावा. ट्रिगर अडखळता कामा नये.
(४) टाकी पूर्ण भरून यंत्र बंद करावे आणि दहा मिनिटांनी दाबमापक पाहावा. काटा लक्षणीय उतरल्यास साबणाचे पाणी लावून गळती शोधावी.
(५) सुरक्षा-झडपेची कडी ओढून हवा सुटते का ते पाहावे. निचरा-झडप हाताने उघडता आला पाहिजे.
(६) फवारणी चालू असताना दाबमापकावरील आकडा वाचावा. स्थिर अवस्थेतील दाब आणि कामाचा दाब यांत फरक पडतोच. तो फार मोठा असेल तर यंत्र अपुरे आहे.

महाविद्यालयाने दरपत्रके मागविताना याच बाबी तपशिलात लिहाव्यात : द्विक्रिया, वरचा पेला, ०.३ मिलिमीटर नोझल, सुटी सुई व नोझल उपलब्ध. टाकीसह पिस्टन कॉम्प्रेसर, आपोआप बंद-चालू होणारा स्विच, रेग्युलेटर, पाण्याचा सापळा, सुरक्षा-झडप. असे केल्यास कमीत कमी दराची अट आणि साधनाची गुणवत्ता यांत विरोध उरत नाही.

७. निष्कर्ष

(१) रंगाचे तुषार करणारी शक्ती हवेची असल्याने नवशिक्याने आपल्या खर्चाचा मोठा वाटा कॉम्प्रेसरसाठी राखावा. एअरब्रश पुढे बदलता येतो. चांगला कॉम्प्रेसर अनेक एअरब्रशांना पुरतो.

(२) द्विक्रिया, वरच्या पेल्याचा, ०.३ ते ०.३५ मिलिमीटर नोझलचा व सुटे भाग मिळणारा एअरब्रश आरंभासाठी सर्वाधिक उपयुक्त आहे.

(३) गोसीखुर्दसारख्या दमट परिसरात टाकी ही चैन नसून हवा कोरडी करण्याचे साधन आहे. रंगकामाचा हंगाम आणि सर्वाधिक आर्द्रतेचा काळ येथे एकच असल्याने संचाची खरी परीक्षा श्रावण-भाद्रपदातच होते.

(४) मुखवटा व हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था यांचा खर्च संचाच्या किमतीतच धरावा. तो परवडत नसेल, तर संच परवडत नाही असे मानावे.

(५) वर्षाकाठी दोन नंदी रंगविण्यापुरतीच हौस असेल, तर दोन चांगले कुंचले पुरेसे आहेत. एअरब्रश कुंचल्याची जागा घेत नाही. पेणच्या कारखान्यात फवाऱ्याचे काम कितीही वाढले, तरी मूर्तीचे डोळे अद्याप हातानेच उघडतात. विद्यार्थ्यास एअरब्रश देण्यापूर्वी कुंचला धरावयास शिकविणे, हे म्हणूनच शिक्षकाचे पहिले काम राहते.